आधी पाणी, शेवटी रेझर

आमच्या घरात काचेचा एक जाड पेला होता. त्यातून कोणी पाणी पीत नसे. रविवारी सकाळी वडील तो फडताळातून काढत, वापरलेले ब्लेड आतल्या बाजूला बोटाने टेकवत आणि काचेच्या गोलाईवर हलकेच मागेपुढे घासत. वीस-पंचवीस वेळा एक बाजू, मग पालटून दुसरी. एवढ्यावर त्या ब्लेडच्या आणखी दोन दाढ्या निघत. पुढे ते आईच्या शिवणाच्या डब्यात जाई, टाके उसवायला. आणि तिथून माझ्या कंपासपेटीत, पेन्सिलीला टोक करायला. दाढीचा साबण एका पितळी वाटीत घट्ट दाबून बसवलेला असे. ब्रशाचे केस एका अंगाला झिजले होते, कारण वडील तो नेहमी एकाच हाताने, एकाच दिशेने फिरवत. रेझर तीन भागांचा, पितळी, वरचा मुलामा जागोजागी उडालेला. वडील गेल्यावर हे सगळे सामान एका पिशवीत घालून मी माळ्यावर टाकले आणि पंधरा वर्षे त्याला हात लावला नाही.

त्या पंधरा वर्षांत बाजारात जे येईल ते मी वापरले. डब्यातून फुसकन निघणारा तयार फेस, दोन पात्यांचे कार्ट्रिज, मग तीन, मग पाच. गळ्यावर लाल पुरळ कायमचे झाले. काही केस बाहेर न येता कातडीतच वळून वाढत आणि तिथे दुखरी गाठ होई. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिले आणि एका पात्याच्या रेझरने दाढी करून बघा, असे सांगितले. कारणही समजावले. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केसाला जरा ओढून कापते. तो केस मागे सरकण्याआधी दुसरे पाते त्याला आणखी खालून कापते. मग केसाचे टोक कातडीच्या पातळीखाली जाते. गाल गुळगुळीत लागतो तो यामुळे. पण ज्यांचा केस राठ आणि वळणदार आहे, त्यांच्या बाबतीत तेच टोक वाढताना आतल्या आत रुतते. त्या संध्याकाळी मी माळ्यावरची पिशवी खाली काढली. ही पुस्तिका त्या पिशवीतून निघाली आहे.

गेली काही वर्षे ओळखीचे लोक या बाबतीत मला विचारतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: रेझर कोणता घेऊ? त्यांचा दोष नाही. दुकानाच्या काचेत चकाकते ते रेझरच. माझे उत्तर मात्र ठरलेले आहे. रेझर शेवटी घ्या. आधी घरातले पाणी बघा, त्याला जमेल असा साबण निवडा, साबणाला उठवील असा ब्रश घ्या, मग पाती आणून पाहा आणि सगळ्यात शेवटी रेझरकडे या. पुस्तिकेतली प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. हा क्रम असा का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

स्वतःची दाढी स्वतः करणे ही आज इतकी साधी गोष्ट झाली आहे की, ती कोणाला तरी शिकावी लागली असेल हे ध्यानात येत नाही. पॅरिसमधल्या झाँ-झाक पेरे या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराने 1769 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले: माणसाने स्वतःची दाढी करायला कसे शिकावे. वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण बसवून फक्त धारेची कड बाहेर ठेवायची, ही त्याचीच युक्ती. सुताराच्या रंध्यात पाते जसे जरासेच बाहेर डोकावते, तसे. आजच्या प्रत्येक सेफ्टी रेझरमध्ये ती कल्पना आहे.

आपल्याकडे दाढी हे न्हाव्याचे काम. बारा बलुतेदारांतला तो एक. सुगीला धान्याच्या रूपाने त्याचे बलुते त्याला मिळे. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, आरसा, पाण्याची वाटी आणि वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा असे. संत सेना महाराज याच व्यवसायातले, आणि त्यांच्या अभंगांत आरसा, चिमटा, पाणी ही रोजची साधने परमार्थाचा अर्थ घेऊन येतात. पण ही सेवा गावातल्या सगळ्यांना मिळत नसे. अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला न्हावी हात लावीत नसे. त्या वस्त्यांमधल्या माणसांना एकमेकांची हजामत करावी लागे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला, तेव्हा गांधीजींनी कातरयंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःचे केस स्वतः कापले. आत्मकथेत हा प्रसंग सांगताना, आपले न्हावीही अस्पृश्यांचे केस कापीत नाहीत याची आठवण ते करून देतात. मुंबईत 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असा पवित्रा घेतला, तोही याच वस्तऱ्याचा इतिहास. दाढीच्या सामानाचे कौतुक करणाऱ्या पुस्तकांत हा भाग सहसा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवला.

किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याला 1895 मध्ये वापरून फेकून देण्याच्या पातळ पात्याची कल्पना सुचली. इतके पातळ पोलाद कडक करून त्याला धार लावता येणार नाही, असे जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवून दाखवले. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षी 51 रेझर आणि 168 पाती खपली. पेटंट मिळाले 15 नोव्हेंबर 1904 रोजी, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर गेले. सैनिक घरी परतले ते रोज आपल्या हाताने दाढी करण्याची सवय घेऊनच. आमच्या पिशवीतला तीन भागांचा रेझर त्याच घराण्यातला.

आता पाण्याकडे येतो.

जुन्या न्हाव्यांना दाढी करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल की, साबण नंतर आला. आधी वाटीतले पाणी बोटांनी गालावर चोळायचे. पुन्हा चोळायचे. गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत चोळायचे. कित्येक जण नुसत्या पाण्यावर वस्तरा चालवत आणि तरीही कातडी सोलत नसत. यामागचे कारण सोपे आहे. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो तारेसारखा चिवट असतो; पाणी शोषले की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला फार कमी जोर लागतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो, निदान दोन-तीन मिनिटे. चेहऱ्याचे तेल आड येते, म्हणून आधी तोंड धुवायचे. आंघोळीनंतर दाढी करावी, हा सल्ला यातूनच आला आहे. साबण, ब्रश, फेस हे सगळे कशासाठी, तर हे पाणी केसाजवळ धरून ठेवण्यासाठी. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुढची निवड निम्मी सोपी होते.

पाण्याचे महत्त्व मोठमोठ्या कंपन्यांनाही वाट चुकून कळले आहे. भारतासाठी रेझर तयार करताना जिलेटने आधी एक नमुना अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना वापरायला दिला. तिथे तो पसंत पडला, भारतात मात्र अडला. विद्यार्थ्यांच्या बेसिनला वाहता नळ होता. इथे माणूस जमिनीवर बसून, छोटा आरसा टेकवून, एका भांड्यातल्या पाण्यावर दाढी उरकत होता. तेवढ्या पाण्यात अडकलेले केस निघेनात. मग त्यांची माणसे इथल्या घरांतून बसून दाढ्या बघत राहिली, आणि 2010 मध्ये एकाच पात्याचा, सहज धुता येणारा, 15 रुपयांचा गार्ड बाजारात आला. माणसाचे पाणी पाहिल्याशिवाय त्याच्यासाठी रेझर करता येत नाही, हे त्या 15 रुपयांच्या वस्तूत लिहिलेले आहे.

पाणी किती हा एक प्रश्न, आणि कसले हा त्याहून मोठा. कामानिमित्त मी दोन वर्षे लातूर जिल्ह्यात राहिलो. पाणी बोअरचे. पुण्यात ज्या साबणाचा फेस वाटीबाहेर येई, त्याच साबणाचा तिथे पांढरा चोथा होऊ लागला. गालावर लावेपर्यंत फेस बसे, पाते खरवडत जाई. मी तीन साबण बदलले, ब्रश बदलला. शेवटी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने विचारले, "सर, पाणी कुठलं वापरता?" त्याच्याकडे फेसासाठी प्यायच्या फिल्टरच्या पाण्याची बाटली वेगळी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी मीही अर्धा पेला फिल्टरचे पाणी घेतले आणि पहिलाच साबण पूर्वीसारखा फुलला.

कठीण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा साका तयार करतो आणि फेसासाठी उरतच नाही. मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाचे पाणी येते, पुण्याला खडकवासल्याचे. ही धरणांची पाणी मऊ असतात, तिथे जवळपास कुठलाही चांगला साबण चालतो. बोअरवर जगणाऱ्या गावांत आणि टँकरवर चालणाऱ्या शहरी सोसायट्यांत गोष्ट वेगळी. पारखायचे असेल तर पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी घ्या, साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खाली पाणी बऱ्यापैकी निवळ राहिले तर पाणी मऊ. पाणी दुधाळ झाले आणि फेस बसला तर कठीण. त्यावर हजारभर रुपयांचा परदेशी साबण हा उपाय नाही. फिल्टरचे, पावसाचे किंवा उकळून गार करून गाळलेले अर्धा पेला पाणी पुरते.

साबणाविषयी मला सगळ्यात जास्त लिहावेसे वाटते, कारण फसगत इथेच होते. अंगाचा साबण आणि दाढीचा साबण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्याचा, म्हणजे सोडियमचा. तो वडीला घट्टपणा देतो, फेस चटकन देतो आणि तो फेस चटकन विरतो. दाढीच्या साबणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, एकटे किंवा सोडियमच्या जोडीने. त्याचा साबण मऊ होतो, थोड्या पाण्यात विरघळतो आणि भरपूर पाणी धरतो. दुसरा मुख्य घटक स्टिअरिक ॲसिड. फेसाची दाट, बारीक, न फुटणारी वीण त्याच्यामुळे येते. खोबरेल तेलाने फेस लवकर आणि मोठा होतो, पण ते प्रमाणाबाहेर गेले की कातडी कोरडी पडते. ग्लिसरीन ओलावा राखते. म्हणून वेष्टनावरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही नावे पहिल्या चार-पाचांत असली तर निम्मी परीक्षा तो साबण उत्तीर्ण झाला. सुवास, डबी, वेष्टनावरचे गलबताचे किंवा गरुडाचे चित्र यांचा गालाशी काही संबंध नाही.

यादीत टॅलोएट हा शब्द दिसला, सोडियमचा असो की पोटॅशियमचा, तर तो साबण जनावराच्या चरबीचा आहे. युरोप-अमेरिकेतले बरेच जाणकार चरबीचा साबण उत्तम मानतात आणि त्याची दाटी खरोखर वेगळी असते. तुर्कस्तानची आर्को ही स्वस्त आणि नामांकित कांडी त्याच जातीची. ज्यांना चरबी चालत नाही त्यांनी खंत करू नये. वनस्पती तेलांपासून काढलेल्या स्टिअरिक ॲसिडचे साबण आणि क्रीम कशात उणे नाहीत. आपल्याकडची ट्यूबमधली साधी क्रीम ब्रशाने आणि पुरेशा पाण्याने फेटली, तर तिच्यातून जे निघते ते बघून पुष्कळ जण चकित होतात. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या प्रोरासोमध्ये निलगिरी आणि मेंथॉल असते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात त्याचा गारवा सुखाचा वाटतो, ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना तोच झोंबतो. डब्यातल्या तयार फेसाबद्दल माझे मत वाईट आहे आणि ते मी लपवत नाही. तो वायूच्या दाबाने फुगवलेला असतो, त्यात आपल्याला आणखी पाणी मिसळता येत नाही, आणि दाढीला हवे असते ते पाणीच.

फेस जमला हे ओळखायचे कसे? डोळ्यांना तो खोटे सांगतो. डोंगरासारखा उभा, पांढराशुभ्र फेस बोटांत चोळला तर कित्येकदा कोरडा निघतो. तो चक्क्यासारखा घट्ट नको आणि ताकासारखा वाहता नको. लोणी सुटण्याआधी फेटलेली साय जशी दिसते, वरून ओलसर चकाकी असलेली आणि बुडबुडा न दिसणारी, तसा हवा. अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळा. बोटे एकमेकांवरून निसटली पाहिजेत. अडखळली तर ब्रशाचे टोक पाण्यात बुडवून दोन थेंब घाला आणि पुन्हा फेटा. नव्याने शिकणारे बहुतेक सगळे पाणी कमी घालतात आणि साबणही कमी घेतात. ब्रश साबणावर तीस सेकंद फिरवा, घड्याळ लावून. पहिल्या आठवड्यात एवढे केले तरी पुरे. पाहिजे तर त्या आठवड्यात दाढी न करता नुसता फेस करून धुऊन टाका. हाताला ओळख होते आणि साबण दोन-चार रुपयांचा जातो.

ब्रश निवडताना आपल्या घरांत एक प्रश्न येतो, त्याबद्दल मोकळेपणाने बोललेले बरे. बाजारातल्या स्वस्त नैसर्गिक ब्रशांचे केस बहुधा डुकराचे असतात. अनेकांना हे ठाऊक नसते, आणि कळल्यावर काहींना ते धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे नकोसे होते. महाग ब्रश बॅजर या प्राण्याच्या केसांचे. ते केस बहुतेक चीनमधून येतात. घोड्याच्या आयाळ-शेपटीचे केस जनावर न मारता कापता येतात, म्हणून काही जण त्यांच्याकडे वळतात. नीट निर्जंतुक न केलेल्या अशाच केसांच्या ब्रशांमुळे पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अँथ्रॅक्सची लागण झाली होती. आज तशी भीती बाळगायचे कारण नाही, पण अनोळखी जुना ब्रश हौसेने विकत घेऊन वापरू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

डुकराच्या केसांचा ब्रश पहिले महिनाभर काट्यासारखा टोचतो. वापरता वापरता केसांची टोके फाटतात आणि मग तो मऊ लागतो, मात्र बुडाशी ताठ राहतो. घट्ट साबण उठवायला तो फार चांगला. वापरण्यापूर्वी पाच मिनिटे पाण्यात भिजवावा लागतो. बॅजरचा ब्रश पाणी पुष्कळ धरतो आणि गालाला सुखावतो. त्याच्या प्युअर, बेस्ट, सिल्व्हरटिप या प्रती मात्र प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाने ठरवतो, तेव्हा नावावर पैसे देऊ नका. कृत्रिम तंतूंच्या ब्रशाला लोक पूर्वी नाक मुरडत आणि त्या वेळी ते बरोबरही होते. जुने नायलॉन राठ होते आणि पाणी सोडून देई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तंतू इतके सुधारले आहेत की, नवख्याने पहिला ब्रश कृत्रिमच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. भिजवावा लागत नाही, साबण कमी खातो, कोणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही, आणि वाळतो. वाळण्याची गोष्ट किरकोळ नाही. रत्नागिरीत किंवा पणजीत आषाढ-श्रावणात नैसर्गिक केसांचा ब्रश चार-चार दिवस बुडाशी ओला राहतो आणि त्याला कुबट वास धरतो. तिथे राहणाऱ्यांनी तरी दुसरा विचार करू नये. गुच्छाचा व्यास 24 मिलिमीटरच्या आसपास असला की तो बहुतेक चेहऱ्यांना बेताचा होतो. ब्रश झटकून ठेवावा आणि हवेशीर ठिकाणी ठेवावा; बंद कपाटात नाही.

पात्याबद्दल एक गोष्ट अनेक वर्षे कोड्यात टाकणारी होती. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी पोलादाची धार बोथट कशी होते? एमआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. धार सरसकट झिजत नाही. तिचे बारीक कपचे उडतात. केस पात्याला तिरका लागला, पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसली आणि केस नेमका तिथल्या कडेवर आला, की कपचा उडतो. केस हलता-वाकता राहिला तर हे जास्त होते. आपल्या हातात यातले एकच: केस भिजलेला असावा आणि पाते दाबून ओढू नये. बाकी पाते म्हणजे 0.1 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस पोलादाची पट्टी, 43 मिलिमीटर लांब आणि 22 रुंद, धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम किंवा टेफ्लॉनचा थर दिलेली. ही मापे जगभर एकच आहेत. आमच्या घरी टोपाझ असे, शेजारी ठाण्याच्या कारखान्यात निघणारे सुपरमॅक्स. दोन्ही एकाच रेझरमध्ये बसत. आजही जपानच्या सेकीतले फेदर वडिलांच्या पितळी रेझरमध्ये तंतोतंत बसते.

कोणते पाते चांगले, याचे उत्तर मी देणार नाही, कारण ते तुमच्या केसावर अवलंबून आहे. फेदर अतिशय धारदार आहे. राठ दाढीला ते वरदान, शिकणाऱ्या हाताला धोक्याचे. चार-पाच जातींच्या पुड्या आणा, प्रत्येक जात निदान दोन आठवडे वापरा आणि त्या काळात साबण-ब्रश बदलू नका. एकाच वेळी सगळे बदलले तर सुधारले कशामुळे आणि बिघडले कशामुळे, हे कळतच नाही. आपल्याकडे साधे पाते अजून दोन ते सहा रुपयांना मिळते. एवढ्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू या सामानात नाही.

मग रेझर. तो पाते धरतो, वाकवतो आणि ठरावीक कोनात कातडीसमोर आणतो. टोपी, तळपट्टी आणि मूठ असे तीन भाग. पाते टोपीबाहेर किती डोकावते आणि तळपट्टीपासून किती अंतरावर राहते, यावर रेझर सौम्य की तिखट हे ठरते. पहिला रेझर सौम्य घ्यावा. जर्मनीतल्या झोलिंगेनचा मर्कुर 34सी किंवा म्यूलेचा आर89 ही नावे नेहमी सांगितली जातात आणि ती योग्य आहेत. म्यूलेचाच आर41 हा नवख्याने हातात धरू नये इतका तिखट आहे. पण सौम्य रेझर इथल्या बाजारात काही शे रुपयांतही मिळतात. स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचा, वरून क्रोमचा मुलामा दिलेला असतो. फरशीवर पडला की आट्यांपाशी तुटतो. पितळेचा किंवा स्टेनलेसचा महाग पडतो आणि नातवापर्यंत जातो. वजनदार मूठ चांगली, कारण मग आपण जोर लावत नाही. दाब रेझरच्या वजनाचा, हात फक्त दिशा द्यायला. सलूनमध्ये "उलटी मारू का?" असे विचारतात. पहिले महिनाभर याचे उत्तर नाही असे द्या. आपल्या केसांचा कल गालावर कुठे आणि गळ्यावर कुठे फिरतो हे बोटांनी चाचपून शिका आणि कलाच्या दिशेनेच पाते चालवा. गळ्यावर बहुतेकांचा कल आडवा किंवा वर वळलेला असतो. माझ्या पुरळाचे निम्मे कारण हेच होते.

उघड्या वस्तऱ्याबद्दल या पुस्तिकेत एकच लहान प्रकरण आहे. वस्तरा परजणे, निसण्यावर लावणे आणि कानाजवळून खाली आणणे हे हातात हात घेऊन शिकवायचे काम आहे, वाचून शिकायचे नव्हे. ज्यांना शिकायचेच आहे त्यांनी एखाद्या जुन्या कारागिराकडे बसावे आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. रोग पसरू नयेत म्हणून सलूनमध्ये आता बदलत्या अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले आहेत आणि ते योग्यच झाले.

दाढीनंतर गार पाणी आणि तुरटीचा ओला खडा. तुरटी रक्त थांबवते, कातडी आखडते, आणि आणखी एक काम करते: जिथे झोंबते तिथे आपण जोर लावला होता. गोव्यात भरलेल्या ओल्ड स्पाइसच्या बाटलीवर वाढलेल्या पिढीला तो वास हवाच असतो, त्यांनी तो जरूर लावावा. पण त्यातले अल्कोहोल कोरड्या कातडीला मानवत नाही.

वाचकांकडे शेवटी एक मागणे आहे, आणि पुस्तिकेतले बाकी काही पाळले नाही तरी हे पाळावे. वापरलेले पाते कचऱ्यात सुटे टाकू नका, कागदात गुंडाळूनही टाकू नका. कागद भिजतो, फाटतो आणि पाते कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते. झाकणाचा एक लहान पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी फट पाडा आणि तो आरशाजवळ ठेवा. शंभर पात्यांची चळत एक सेंटिमीटर उंचीची होते. एका माणसाला असा डबा सहा-सात वर्षे पुरतो. भरला की फट चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' असे लिहा, आणि कचरा न्यायला येणाऱ्यांच्या हातात आत काय आहे ते सांगून द्या.